समूह चित्रप्रदर्शनात जलतरंग किंवा संबळ: उद्घाटनाची आखणी, मांडणी आणि आवराआवर

सात-आठ चित्रकार मिळून प्रदर्शन भरवतात तेव्हा उद्घाटनाचा साचा ठरलेला असतो: समई, प्रमुख पाहुणे, शाल-श्रीफळ, तीन भाषणं, चहा. मग कोणीतरी म्हणतं, ‘या वेळी काहीतरी संगीत ठेवू या.’ एखाद्या बासरीवाल्याला कोपऱ्यात बसवलं जातं. लोक त्याच्याकडे पाठ करून गप्पा मारतात, तो तासभर वाजवतो आणि पाकीट घेऊन जातो. या प्रकाराने ना चित्रांचं भलं होतं, ना वादकाचं.

वेगळं वाद्य आणायचं असेल, म्हणजे जलतरंग (पाणी भरलेले, काठ्यांनी वाजवायचे वाडगे), संबळ (गोंधळातलं तालवाद्य), तारपा (वारल्यांचं फुंकवाद्य) किंवा घुमट (मातीच्या मडक्याला कातडं लावलेलं तालवाद्य), तर त्याच्यासाठी संध्याकाळचा एक तुकडा राखून ठेवावा लागतो. समोर कोणी वाजवत असताना माणूस चित्र नीट पाहत नाही. पाहू लागलाच, तर ऐकत नाही. फ्रेंच संगीतकार एरिक साती याने ८ मार्च १९२० रोजी पॅरिसमधल्या बार्बाझांज कलादालनात उलटा प्रयोग करून पाहिला होता. नाटकाच्या मध्यंतरात वाजणाऱ्या आपल्या संगीताकडे कोणी लक्ष देऊ नये, लोकांनी हिंडावं, बोलावं, अशी त्याची इच्छा होती. वाद्यं सुरू होताच लोक मुकाट्याने ऐकत बसले आणि सातीला फिरून ‘बोला, बोला’ म्हणावं लागलं. वाद्य जिवंत असलं की कान तिकडे जाणारच. तेव्हा उद्घाटनाच्या दिवशी पाहण्याची वेळ कोणती आणि ऐकण्याची कोणती, हे आयोजकांनी आधीच ठरवायचं. पुढचं सगळं त्यावर बेतलेलं आहे.

आधी जागा, मग वाद्य

क्रम उलटा झाला की घोळ होतो. वादक ठरवून बसता आणि कलादालनवाले म्हणतात, आत वाद्य चालणार नाही.

मुंबईत जहांगीर कलादालनात १९५२ पासून प्रदर्शनं भरताहेत. तिथला आठवडा मंगळवारी सुरू होऊन सोमवारी संपतो आणि तारखेसाठी काही वर्षं थांबायची तयारी लागते. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराचं कलादालन किंवा घोले रस्त्यावरचं राजा रवि वर्मा कलादालन, कोल्हापुरात शाहू स्मारक भवन, अशा ठिकाणी पहिल्यांदा प्रदर्शन करणाऱ्या गटाला तुलनेने लवकर जागा मिळू शकते. कुठेही अर्ज करा, पण अर्जातच लिहा: ‘उद्घाटनाच्या दिवशी २५ मिनिटांचं वाद्यवादन, ध्वनिक्षेपकासह किंवा ध्वनिक्षेपकाविना.’ तोंडी ‘चालेल हो’ यावर विसंबू नका. चालेल म्हणणारा कर्मचारी त्या दिवशी रजेवर असतो.

जागा पाहायला जाल तेव्हा चार गोष्टी तपासा. दालनाच्या मध्यभागी उभं राहून एक खणखणीत टाळी वाजवा. आवाज भिंतींवरून बराच वेळ घुमत राहिला, तर तिथे ताशा, हलगी किंवा संबळ नको. बोल एकमेकांत मिसळून नुसता गदारोळ होईल. फरशी, काच आणि कोऱ्या भिंती असलेल्या बहुतेक कलादालनांची हीच गत असते. माणसं भरली की घुमणं थोडं कमी होतं, पण थोडंच. दुसरं, वातानुकूलन यंत्र आणि पंखे चालू असताना टाळी पुन्हा ऐका. तिसरं, विजेचे पॉइंट कुठे आहेत ते पाहा. चौथं, बाहेर पोर्च, अंगण किंवा पायऱ्या आहेत का? जोरकस वाद्याची खरी जागा बऱ्याचदा तीच ठरते.

माणसं किती मावतील याचा हिशोबही तिथेच करा. समजा दालन ४० फूट बाय २५ फूट आहे. प्रत्येक भिंतीपासून ४ फूट मोकळे सोडायचेच, कारण बसलेल्या माणसाची पाठ आणि उभ्या माणसाची पिशवी हे कॅनव्हासचे सगळ्यात मोठे शत्रू. उरले ३२ बाय १७, म्हणजे ५४४ चौरस फूट. त्यातून वादकाला ८ बाय ८ दिले की ४८० उरतात. मांडी घालून बसणाऱ्याला साधारण ६ चौरस फूट धरले तर ८० माणसं. दारापर्यंतची वाट आणि गुडघे दुखणाऱ्यांच्या खुर्च्या वजा करा, ६० ते ६५ हा खरा आकडा. शंभर माणसं येणार असतील तर वादन बाहेर न्या किंवा दोनदा ठेवा.

कोणतं वाद्य

निवड चित्रांकडून यावी, ‘काहीतरी हटके’ या हौसेतून नव्हे. गटात वारली चित्रकार असतील तर तारप्याला कारण आहे. वारली चित्रात मधोमध तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती वळत जाणारी नाचणाऱ्यांची रांग आपण पाहतोच. जिव्या सोमा म्हशे (१९३४–२०१८) यांच्यामुळे ती रेषा जगभर पोचली. सुकवलेला भोपळा, बांबू, ताडाचं पान आणि मेण यांतून बनलेलं हे वाद्य सलग फुंकलं जातं. त्याचा आवाज मोठा असतो आणि त्याच्याबरोबर नाच आला तर गोल फिरायला मोकळं अंगण हवं. दालनात खुर्च्यांसमोर तारपा ‘सादर’ करून घेणं मला तरी पटत नाही.

चित्र आणि गाणं मुळातच एकत्र असलेली आपली परंपरा म्हणजे पिंगुळीची चित्रकथी. कुडाळजवळच्या या गावातले ठाकर समाजाचे कलावंत पोथीतलं एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातली आख्यानं गाऊन सांगतात. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. कथनात्मक चित्रांच्या प्रदर्शनाला याहून नेमकं उद्घाटन सुचवता येणार नाही. मात्र चित्रं आकाराने लहान असतात, म्हणून प्रेक्षक चाळीसच्या आत आणि जवळ बसवा.

गोंधळाचा संबळ अनेकांना खुणावतो. त्याच्याबरोबर तुणतुणं येतं आणि येते दिवटी, म्हणजे पेटती ज्योत, तेलाच्या बुधलीसह. तैलरंग आणि टर्पेंटाइनच्या वासाने भरलेल्या बंद दालनात ती चालणार नाही. गोंधळी मंडळींना हे घरी जाऊन आधी सांगा. दिवटी अंगणात पेटवून तिथे देवीचं आवाहन करायचं आणि आत फक्त वादन, अशी वाट निघते. हलगीचं कातडं वाजवण्यापूर्वी शेकावं लागतं, त्यामुळे तीही अंगणातच. गोव्यात किंवा कोकणात घुमट मागवणार असाल तर कातडं कशाचं ते विचारा. घोरपडीचं कातडं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली निषिद्ध आहे. आता बकऱ्याचं कातडं लावलेले घुमट मिळतात, आणि २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला तोही या बदलानंतरच.

बंद दालनासाठी माझं पहिलं मत जलतरंगाला. आवाज बारीक, टोकदार आणि लांबपर्यंत झिरपणारा. घुमणारी खोली त्याला मारत नाही, उलट साथ देते. चिनी मातीच्या वाडग्यांचा तो अर्धवर्तुळाकार मांड पाहायलाही चित्रासारखा दिसतो. जलरंगांच्या प्रदर्शनाला तर तो शोभतोच. पण त्याच्या गरजा वेगळ्या आहेत, त्या पुढे येतील.

वादकाशी बोलणी

फोनवर ‘पंधरा मिनिटं काहीतरी वाजवा’ असं म्हणू नका. शक्य असेल तर गटातल्या दोघांनी भेटायला जावं, चार-पाच चित्रांचे फोटो दाखवावेत आणि विचारावं, ‘तुम्हाला यावर काय वाजवावंसं वाटतं?’ कुठला राग, कुठली रचना हे त्यांच्यावर सोपवा. वेळ मात्र तुम्ही ठरवा: २० ते २५ मिनिटं.

मानधनाचा आकडा पहिल्याच भेटीत स्पष्ट व्हायला हवा. ‘तुम्हालाही प्रसिद्धी मिळेल’ हे वाक्य कोणाही कलावंतापुढे उच्चारू नये, चित्रकारांनी तर मुळीच नाही. तेच वाक्य ऐकून ते स्वतः किती वेळा चिडलेले असतात. मानधनाखेरीज प्रवास, साथीदार, वाद्याची वाहतूक, जेवण आणि लांबून येणाऱ्यांचा मुक्काम धरा. निम्मी रक्कम आधी आणि उरलेली वादन संपताच, त्याच संध्याकाळी. लोककलावंत पथकाने येत असतील तर पैसे कोणाच्या हातात किंवा खात्यात द्यायचे, हे पथकालाच विचारा. मध्यस्थाकडे देऊन मोकळे होऊ नका.

चित्रीकरणाचंही आधीच बोला. वादनाचं ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण करायला वादकाची संमती लागते. कॉपीराइट कायदा कलावंताला तो हक्क देतो. दोन ओळींचं पत्र पुरे: कुठे वापरणार, किती मिनिटं, नाव कसं लिहिणार.

निमंत्रणपत्रिकेत वादकाचं नाव चित्रकारांच्या नावांइतक्याच मोठ्या अक्षरांत छापा. ‘आणि जलतरंगवादन’ एवढंच लिहून मोकळे होणारे गट पुष्कळ आहेत.

परवानग्या

ध्वनिक्षेपक न लावता जमत असेल तर न लावणं उत्तम. लावायचा असेल तर ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार लेखी परवानगी लागते. स्थानिक पोलीस ठाण्यात अर्ज द्या आणि कलादालनाचं पत्र जोडा. दिवसा, म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०, व्यापारी भागात ६५ डेसिबल, निवासी भागात ५५ आणि शांतता क्षेत्रात ५० अशी मर्यादा आहे. रुग्णालय, शिक्षणसंस्था, न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित असू शकतो. आपली बरीच कलादालनं जुन्या शहरात, महाविद्यालयांच्या शेजारीच आहेत, म्हणून ही चौकशी टाळू नका. अंगणातल्या संबळासाठी तर नक्कीच करा. त्याला ध्वनिक्षेपक लागत नाही, पण शेजाऱ्यांना तो ऐकू जातो.

पारंपरिक रचना आणि रागसंगीत यांना स्वामित्वाची अडचण नसते. चित्रपटगीत किंवा अलीकडचं भावगीत वाजवणार असाल, तर रचनाकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा परवाना पाहावा लागतो. रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतात. आधी आणि नंतर पार्श्वभूमीला ध्वनिमुद्रित गाणी लावायचा मोह होतो. त्याचा परवाना आणखी वेगळा, आणि मुळात ती लावूच नयेत. प्रत्यक्ष वाद्याचा पहिला स्वर पडण्याआधी कान रिकामे असायला हवेत.

गटातला करार

हा भाग कंटाळवाणा आहे, पण भांडणं इथेच होतात. संगीताचा खर्च सगळ्यांत समान वाटायचा की नाही, हे पहिल्या बैठकीत लिहून घ्या. ‘माझी चित्रं तर अमूर्त आहेत, मला संबळ कशाला’ असं म्हणणारा एकजण असतोच. त्याचं म्हणणं अर्ज करण्यापूर्वी ऐका.

भिंती चिठ्ठ्या टाकून वाटा. एक भिंत मात्र चिठ्ठ्यांतून वगळा: वादकाच्या मागची. उद्घाटनाच्या प्रत्येक फोटोत तीच येते, म्हणून ती प्रत्येकाला हवी असते. आणि त्या संध्याकाळी तिच्याजवळ कोणाला जाता येत नाही, म्हणून नंतर तिच्याचबद्दल तक्रार होते. तिथे प्रत्येकाचं एकेक छोटं चित्र लावा किंवा ती कोरी ठेवून फक्त प्रदर्शनाचं नाव लिहा.

टांगणी

चित्रं आदल्या रात्रीपर्यंत लागलेली हवीत. जिथे कलादालन उद्घाटनाच्या दिवशी सकाळीच ताब्यात मिळतं, तिथे दुपारी दोनची वेळ ठरवा आणि त्यानंतर हातोडी बंद, कारण वादकाला सूर जुळवायला शांतता लागते.

चित्राचा मध्य जमिनीपासून ४ फूट ९ इंच ते ५ फुटांवर ठेवतात. लोक सतरंजीवर बसणार म्हणून ही उंची कमी करू नका. ते पंचवीस मिनिटं बसतील, चित्रं आठवडाभर राहतील.

तालवाद्य असेल तर काचेच्या फ्रेमा तपासा. संबळाच्या घुमाऱ्याने सैल काच खुळखुळते आणि तारेवर लटकलेली चौकट पार्टिशनवर टकटकत राहते. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत फेल्टचे तुकडे चिकटवा, मागचे खिळे घट्ट बसवा आणि सगळ्यात जड चित्रं वाद्यापासून लांबच्या भिंतीवर न्या. पोकळ प्लायवूडच्या पार्टिशनला टेकवून तालवाद्य कधीही ठेवू नये.

जलतरंगाची मांडणी

वादकाला किमान दीड तास आधी जागा मोकळी करून द्या. वाडगे डावीकडे मोठे, उजवीकडे लहान असे मांडले जातात. पाणी वाढवलं की स्वर उतरतो, काढलं की चढतो. थेंबाथेंबाने चालणारं हे काम आहे. एकदा सूर जुळला की मांड हलवता येत नाही, तेव्हा ‘पाहुण्यांना जायला जरा वाट करा’ म्हणून तो सरकवायची वेळ येऊ देऊ नका.

वादक जमिनीवर बसला तर तिसऱ्या रांगेपासून कोणाला वाडगे दिसत नाहीत. एक ते दीड फूट उंचीचं, न डुगडुगणारं व्यासपीठ द्या. आधी त्यावर स्वतः उभे राहून नाचून पाहा. वर जाड सतरंजी. शेजारी बादलीभर स्वच्छ पाणी, ते घ्यायला तांब्या आणि कोरडी फडकी. विजेची एकही तार त्या बाजूने जाऊ नये. पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट वाडग्यांवर आला तर पाणी हळूहळू उडतं आणि सूर सरकू लागतो, म्हणून ती बाजू आधी बघून ठेवा. वादनाच्या पंचवीस मिनिटांत पंखे बंद ठेवता आले तर फार चांगलं. उकाड्याचे दिवस असतील तर त्याआधी तासभर दालन गार करून घ्या.

साठेक श्रोत्यांच्या दालनात माइक लागू नये. लागलाच तर दोन कंडेन्सर (बारीक आवाजही टिपणारे) माइक मांडाच्या वर, थोडे अंतर राखून. भाषणासाठीचा हातातला माइक वाडग्यांसमोर ठेवला की काठीचा टकटकाट तेवढा ऐकू येतो आणि स्वराचा गोडवा जातो. ध्वनी भाड्याने देणाऱ्याला ‘जलतरंग आहे’ असं आधी सांगा. लग्नाची यंत्रणा नको.

छायाचित्रकार आणि मोबाइलवाले यांना वाडग्यांपासून पाच फूट लांब ठेवायला गटातला एक माणूस नेमा. शक्यतो गटातला सगळ्यात धिप्पाड.

संध्याकाळचं वेळापत्रक

पत्रिकेवर पाच लिहिलं असेल तर दार साडेचारला उघडा. पाच ते पावणेसहा फक्त पाहणं. ना माइक, ना सूर. लवकर आलेल्या माणसाला चित्र पाहायला मिळालं, तर पुढे वादन ऐकताना त्याच्या डोळ्यांसमोर काहीतरी असतं. मला हा अर्धा-पाऊण तास सगळ्या कार्यक्रमाहून मोलाचा वाटतो, आणि नेमका तोच पाहुण्यांच्या वाट पाहण्यात खर्ची पडतो.

पावणेसहाला सगळ्यांना बसवा. निवेदन दोन मिनिटं: वाद्य काय, वादक कोण, आणि वादन संपेपर्यंत हिंडू नये ही विनंती. मग थेट वादन. दीपप्रज्वलन आणि भाषणं त्यानंतर. यावर ज्येष्ठ मंडळी हरकत घेतील. आधी समई, मग बाकी सगळं, अशी आपली सवय. समई दाराबाहेर ठेवून आत येणाऱ्या पहिल्या ज्येष्ठ रसिकाच्या हस्ते पाचलाच लावून घेतली, तर हा वाद मिटतो आणि ज्योतही चित्रांपासून लांब राहते.

प्रमुख पाहुणे उशिरा येतात. वादन त्यांच्या येण्याला बांधून ठेवू नका. ते मध्येच आले तर मागे खुर्ची तयार ठेवा आणि स्वागतासाठी वादन थांबवायचं नाही, हे त्यांच्या माणसाला आधीच कळवा. बहुतेक पाहुण्यांना यात काही वावगं वाटत नाही. वाटतं ते आयोजकांनाच.

सव्वासहाला भाषणं. एक पाहुणे, गटाकडून एकजण, मिळून पंधरा मिनिटं. आठही चित्रकारांना ‘दोन शब्द’ बोलायला लावण्याचा मोह आवरा. ते आपापल्या भिंतीपाशी उभे राहून बोलतील, तेच लोकांना हवं असतं. साडेसहापासून पुन्हा पाहणं, गप्पा, विक्रीची बोलणी.

चहा-बटाटेवडा दालनाबाहेरच. तेलकट बोटं आणि कॅनव्हास यांची गाठ घालून देऊ नका.

संबळ किंवा तारपा अंगणात असेल तर क्रम फिरवा: आधी बाहेर वादन, मग त्याच रेट्यात लोक आत येतात. पथकाला मिरवत दालनात आणायचं ठरवलंत, तर दारापाशी थांबायचं की आत यायचं हे त्यांच्याशी आधी चालून पाहून ठरवा.

उरलेला आठवडा

एकदाच वाजवून घेतलेलं वाद्य उद्घाटनाला न आलेल्यांना मिळत नाही. मानधनात बसत असेल तर रविवारी दुपारी दुसरी, छोटी बैठक ठेवा. पंधरा-वीस माणसं, निवेदन नाही, वादकाने वाद्याबद्दल चार गोष्टी सांगायच्या. मुलं त्याच दिवशी येतात. त्यांना रिकाम्या वाडग्यांत पाणी ओतून स्वर बदलताना दाखवायला बरेच वादक आनंदाने तयार होतात. वाडगे मात्र घरचे जुने आणा, वादकाचे नव्हेत.

स्थानिक वर्तमानपत्रांना बातमी उद्घाटनाच्या चार दिवस आधी पाठवा, सोबत एक चित्र आणि वादकाचा एक फोटो. उद्घाटनानंतरची बातमी त्याच रात्री. तिसऱ्या दिवशी पाठवलेली कोणी छापत नाही.

शेवटच्या दिवशी चित्रं उतरवताना बबल-रॅपची गुळगुळीत बाजू चित्राकडे ठेवा आणि मध्ये बटर पेपर घाला. फोड चित्राकडे राहिले तर ताज्या रंगावर गोल वळ उमटतात. कोणाचं चित्र कोणी नेलं, याची सही वहीत घ्या. हिशोब आठवड्याच्या आत गटाच्या ग्रुपवर टाका, पावत्यांच्या फोटोंसह. वादकाला चित्रफीत आणि फोटो तुम्ही पाठवायचे, त्यांनी मागायची वाट पाहायची नाही.